सहावी फेरी कोणत्याही नियमात नव्हती

एका उतरणीत माझ्या विमानाने तीन उड्या मारल्या आणि त्या तीन उड्यांच्या मी तीन उतरणी मोजल्या, ही गोष्ट आमच्या नातेवाइकांच्या प्रत्येक लग्नात जेवणे उरकल्यावर सांगितली जाते. सांगणारा एकच आहे. कुवेतला मिरकाबमध्ये तो आणि मी सात वर्षे एका खोलीत राहिलो. तो रत्नागिरीकडचा, मी कुलाबा जिल्ह्यातला. तो एका कंत्राटदाराच्या मुदपाकखान्यात मुख्य आचारी, मी विमानतळावरच्या सुट्या भागांच्या गोदामाचा भांडारपाल. त्याच्या हातच्या कोळंबीच्या पुलावाबद्दल मी आजही एक वाईट शब्द बोलणार नाही. परंतु विमान वर चालले आहे की खाली येते आहे हे ज्याला शेजाऱ्याला विचारावे लागे, त्याने माझ्या उतरणी मोजाव्यात आणि लोकांनी त्या हिशेबाला मान डोलवावी, हे मला मान्य नाही. माझी स्वतःची मुले कुवेतच्याच सालमिया भागात वाढली. ती मला इंग्रजीत उत्तरे देतात आणि तीही आचाऱ्याचीच हकिकत खरी मानतात, कारण ती अधिक हसवते.

सासरच्या गावात आणखी एक हकिकत चालते. तिच्यानुसार माझे सासरे विमान पाहून घाबरले आणि मैदानातून चालते झाले. ही पहिलीपेक्षा वाईट, कारण पहिलीत बदनामी माझी आहे आणि मी ती खोडायला जिवंत आहे. दुसरीत बदनामी अशा माणसाची आहे ज्याला खाडीच्या तोंडाशी उलट्या वाऱ्यातही कोणी घाबरलेले पाहिले नव्हते.

आता घडले ते सांगतो.

मी वैमानिक होतो. हे आधी लिहिण्याचे कारण असे की, ‘भांडारपाल’ हा शब्द ऐकला की लोक पुढचे ऐकत नाहीत. मुंबईत एका उड्डाण संस्थेच्या गोदामात नोकरी करीत असताना, पगारातला मोठा भाग त्याच संस्थेला परत देऊन, मी खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला होता. त्या परवान्यावर भाडे घेता येत नसे, परंतु स्वतः उडता येई आणि मित्र-नातेवाइकांना बरोबर नेता येई. कुवेतला आलो तेव्हा तिथे तेल कंपनीतल्या काही साहेबांनी आणि चार-दोन हौशी कुवेती तरुणांनी एक छोटा क्लब चालवला होता. त्यांच्याकडे कापडी पंखांचे, चार आसनांचे एक विमान होते. परंतु त्याचा कोणता भाग कोणत्या खणात सापडेल हे जाणणारा माणूस नव्हता. तो माणूस मी झालो. बदल्यात मला सभासदत्व मिळाले. शुक्रवारी सकाळी मी त्या विमानातून समुद्राच्या कडेकडेने जात असे आणि शनिवारी सकाळी परत स्क्रू मोजत असे. या दोन गोष्टींत मला कधी विसंगती वाटली नाही.

माझे लग्न ठरवताना मध्यस्थाने मुलीच्या वडिलांना सांगितले की मुलगा कुवेतमध्ये विमान चालवतो. यातला एकही शब्द खोटा नव्हता. आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांबद्दल त्याला कोणी विचारले नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत फिरणे हे मध्यस्थाचे काम नव्हे. रजा घेऊन मी गावी गेलो, निकाह झाला. परंतु पाठवणी झाली नाही. मुलीला परमुलुखात पाठवण्यापूर्वी घरदार नजरेखालून घालीन, असे सासरे म्हणाले. ते रास्तच होते. मी एकटा परत आलो.

सासऱ्यांना मी मामू म्हणत असे. तरुणपणी ते बतेल्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल होते. बसऱ्याहून खजूर घेऊन मुंबईला जाताना कुवेतच्या बंदरात त्यांनी अनेकदा नांगर टाकला होता. पुढे त्यांनी आमच्या खाडीवरची तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवायला घेतली आणि तीस वर्षे तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला, बकरीला आणि नवरीला या काठाहून त्या काठाला पोहोचवले. बोलणे कमी, पाहणे फार. मी परत आल्यावर दीड महिन्यातच त्यांचे पत्र आले. कुणी हितचिंतकाने त्यांच्या कानावर घातले होते की जावई विमान चालवीत नाही, गोदामात खिळे मोजतो. पत्रात राग नव्हता. एवढेच लिहिले होते की मुंबई-बसरा बोटीवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, त्यांचा भाचा आहे. तो त्यांना जाताना कुवेतला उतरवील आणि बसऱ्याहून परतताना उचलील. मध्ये नऊ दिवस मिळतील, तेवढ्यात जावयाचे विमान पाहता येईल आणि जमल्यास बसताही येईल. मुलीला पाठवण्याचे त्यानंतर ठरवू.

मी उलट टपाली लिहिले की जमल्यास कशाला, जमलेच आहे.

पत्र टपालात टाकून मी क्लबवर गेलो. तिथे आमच्या झोपडीवजा कार्यालयातल्या फळ्यावर एक टंकलिखित कागद खिळ्याने ठोकलेला असे. मी तो अनेक वेळा पाहिला होता, म्हणजे वाचलेला नव्हता. त्यात लिहिले होते की ज्या सभासदाने मागच्या नव्वद दिवसांत स्वतःच्या हाताने किमान पाच उड्डाणे आणि पाच उतरणी केल्या नसतील, त्याला कोणताही प्रवासी बरोबर नेता येणार नाही. आणि प्रत्येक उतरण विमान पूर्ण थांबवूनच मोजली जाईल. चाके टेकवून तसेच पुन्हा उठणे मोजले जाणार नाही.

शेवटच्या दोन वाक्यांकडे वाचकांनी कृपया लक्ष द्यावे. उड्या मोजल्याच्या आरोपाला दुसरे उत्तर देण्याची खरे तर गरज नाही. तरीही पुढे देणार आहे.

मी बोटांवर दिवस मोजले. रमजानचा महिना, रोजे असताना उडायचे नाही हा माझा स्वतःचा नियम. मग बोटीचा प्रवास, रजा, लग्न, पुन्हा बोट, आणि परत आल्यावर धुळीचे शुक्रवार. नव्वद दिवस केव्हाच उलटून गेले होते. ज्या लग्नासाठी मी वैमानिक ठरलो होतो, त्याच लग्नाने मला प्रवासी नेण्यास अपात्र केले होते.

क्लबचे प्रशिक्षक एक उंच, वाळकुडे इंग्रज होते. युद्धात त्यांनी बरीच विमाने उडवली होती आणि त्यांतली काही परतही आणली होती, असे ते स्वतःच सांगत. मी त्यांना म्हणालो की माझा परवाना वैध आहे. त्यांनी पाइप तोंडातून काढून मान्य केले की परवाना उत्तम स्थितीत आहे. “तू एकटा मेलास तर माझी काहीही हरकत नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्याला बरोबर न्यायचे असेल तर आधी पाच वेळा एकट्याने न मरता दाखव.” मी कामाच्या दिवसांचा, रोज्यांचा, लग्नाचा विषय काढला. त्यांनी लग्नाबद्दल अभिनंदन केले आणि पाइप परत तोंडात घातला.

पाच फेऱ्या म्हणजे फार तर एका तासाचे काम, परंतु मामू येईपर्यंतचे सगळे शुक्रवार विमान दुरुस्तीसाठी उघडलेले राहणार होते. मामू गुरुवारी उतरणार होते. त्यांच्या मुक्कामातल्या पहिल्या शुक्रवारी पाच फेऱ्या उरकायच्या, ते प्रवासाने थकून झोपलेले असतील, त्यांना कळणारही नाही. मग पुढच्या गुरुवारी संध्याकाळी त्यांना वर न्यायचे. हा बेत निर्दोष होता. यातल्या एकाही गोष्टीबद्दल मी खोलीत अवाक्षर काढले नाही. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. परंतु आमच्या खोलीत सहा माणसे राहत आणि वैमानिक त्यांतला मी एकटा होतो. जे मी तीन वर्षे त्यांना ऐकवले होते, त्याला एकदम नव्वद दिवसांची पुरवणी जोडणे मला बरे वाटेना.

मामू आले. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, हातात कापडी पिशवी. बंदरावरून मिरकाबपर्यंत त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही वाऱ्याच्या दिशेबद्दल होते. पहिल्या शुक्रवारी पहाटेपासून अशी धूळ उठली की खोलीच्या दारातून समोरची भिंत दिसेना. मामूंनी दार किलकिले करून बाहेर पाहिले, “उत्तरेचा हाय, चार दिस टिकंल,” एवढे बोलून ते परत आडवे झाले. वारा बरोबर चार दिवस टिकला. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी मैदानावर गेलो, तर विमानाचे एक चाक काढून जमिनीवर ठेवलेले. त्याला लागणारी कडी माझ्याच गोदामात होती. ती मी धावत जाऊन आणली. या धावण्याचेही आचारी भलतेच वर्णन करतो. चाक बसेपर्यंत सूर्य मावळला.

राहिला शेवटचा शुक्रवार. शनिवारी सकाळी बोट. प्रशिक्षक म्हणाले की वारा साधारण आठच्या पुढे उठेल. तो उठला की ते झोपडीवर तांबडा बावटा लावतील आणि मग कोणीही उडायचे नाही. मी गणित केले. सहाला सुरुवात, दहा-दहा मिनिटांच्या पाच फेऱ्या, सातच्या आत नियम पुरा. मग मामूंना सावकाश आणून, त्यांना बसवून, समुद्राची एक चक्कर. आचाऱ्याला मी सांगितले की मामूंना साडेसातला मैदानावर आण.

साडेसात, हे मी स्पष्ट सांगितले होते. तो आजही म्हणतो की मी ‘सकाळी लवकर’ म्हणालो. मी साडेसात म्हणालो.

सव्वासहाला मी पहिल्या उड्डाणासाठी विमान वळवत होतो, तेव्हा कंत्राटदाराची मालमोटार मैदानाच्या कडेला येऊन थांबली. तिच्यातून आचारी उतरला, मग खोलीतले बाकीचे चौघे, मग शेजारच्या खोलीतले तिघे, मग पुलावाचा डेग, आणि सर्वांत शेवटी एका लाकडी खुर्चीसह मामू. खुर्ची झोपडीशेजारी मांडण्यात आली. मामू तिच्यावर छत्री टेकवून आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.

आता परिस्थिती नीट समजून घ्यावी. आमची धावपट्टी म्हणजे खडी दाबून केलेली एक लांब पट्टी होती. उड्डाणाला सुरुवात करण्याची जागा नेमकी त्या झोपडीसमोर होती. म्हणजे उडायचे, वर जाऊन डावीकडे चार वळणे घ्यायची, पट्टीवर उतरायचे, पूर्ण थांबायचे, मग सरपटत परत झोपडीसमोर येऊन तोंड फिरवायचे आणि पुन्हा उडायचे. इंजिन बंद करण्याची सोय नव्हती, कारण ते तापलेले असताना पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, आणि वेळ मोजका होता. उतरून समजावून सांगणे अशक्य होते. मी खिडकीतून हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. ती आचाऱ्याने ‘या’ अशी घेतली.

पहिली फेरी उत्तम झाली. मी परत झोपडीसमोर आलो तेव्हा आचाऱ्याने मामूंना खुर्चीवरून उठवले होते आणि ते पिशवी घेऊन पाच-सहा पावले पुढे आले होते. मी तोंड फिरवले आणि उडून गेलो. वरून पाहिले तर एक छत्री परत खुर्चीकडे जाताना दिसली.

दुसऱ्या फेरीनंतर तेच. तिसऱ्या फेरीनंतर मामू जरा अधिक पुढे आले होते आणि आचारी त्यांच्या पुढे उभा राहून दोन्ही हातांनी मला बोलावत होता. मी मान हलवून नकार दिला, तोंड फिरवले, धुळीचा एक लोट त्यांच्यावर उडवला आणि गेलो. खालच्या मंडळींत काय चालले होते हे मला नंतर अनेकांकडून कळले. शेजारच्या खोलीतला एक शिंपी म्हणाला की इंजिन बिघडले आहे, वर जाते आणि टिकत नाही. दुसऱ्याचे म्हणणे पडले की इंजिन ठीक आहे, चालवणारा टिकत नाही. एकाने तर दुवा मागायला सुरुवात केली. आणि आचारी, ज्याला सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः पट्टीचा नकाशा काढून दाखवला होता, तो सर्वांना समजावत होता की उतरायला जागा सापडत नाही म्हणून मी फेऱ्या मारतो आहे.

मामूंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. ते पाहत होते.

चौथ्या फेरीत मी खाली येत असताना मामू खुर्चीवर नव्हते. ते एकटेच चालत थेट पट्टीच्या कडेला येऊन उभे होते, पिशवी खांद्याला आणि छत्री उघडलेली. मी त्यांच्याकडे पाहिले. उतरताना पट्टीच्या दूरच्या टोकाकडे पाहायचे असते, सासऱ्यांकडे नाही. विमान आपटले, उडाले, पुन्हा आपटले, पुन्हा उडाले आणि तिसऱ्यांदा टेकले ते टेकले. हीच ती तीन उड्यांची उतरण. मी तिला एक उतरण मोजली. प्रशिक्षकांनी तिला एक उतरण मोजली. तिला तीन मोजणारा या पृथ्वीवर एकच माणूस आहे आणि तो त्या वेळी डेगाचे झाकण सावरत होता.

पाचवी फेरी निर्दोष झाली. मी झोपडीसमोर आलो, या वेळी इंजिन बंद केले, आणि विजयी माणसाने उतरावे तसा उतरलो. मामूंच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणालो की चला, आता आपण जाऊ.

मामू उठले नाहीत.

“तीस वर्सं मी तर चालवली,” ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. “होडी धक्क्याला लावायची, उतारू उभा हाय, त्याच्या तोंडाकडं बघायचं, आन् रिकामी होडी परत न्यायची. हे मी कुनाशी केलं नाय. दुस्मनाशीबी नाय. तू पाच येळा केलंस.”

तोपर्यंत ते मला ‘तुम्ही’ म्हणत आले होते.

माझ्यापुढे दोन मार्ग होते. इंजिनाचे काहीतरी सांगता आले असते. शिंप्याने ते तयारच ठेवले होते. परंतु प्रशिक्षक दहा पावलांवर उभे होते, आणि आचाऱ्याला साहेबांच्या मुदपाकखान्यात राहून इंग्रजी चांगले येत असे. शिवाय मी खोटे बोलत नाही. मी मामूंना नव्वद दिवसांचा नियम सांगितला. म्हणालो की गावी लग्नाला गेल्यामुळे माझा हात सुटला होता. कायद्याने मला एकट्याला उडण्याची मुभा होती, परंतु दुसऱ्याला नेण्याची नव्हती. ती मुभा मी आत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत परत मिळवली. हे मी आठ माणसांसमोर सांगितले. त्यांतले पाचजण तीन वर्षे माझ्याकडून वैमानिकांच्या गोष्टी ऐकत आले होते, आणि मी बोलत असताना त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलेले मी पाहिले.

मामूंनी बोटांनी छत्रीची मूठ फिरवली. मग त्यांनी विचारले की हा नियम कोणी केला. मी म्हणालो, साहेबांच्या मुलुखातून आला असावा.

“शहान्या मान्साचा हाय,” ते म्हणाले. “पावसाळा सरला की खाडीच्या तोंडाची रेती जागा बदलते. तर उघडायच्या पैल्या दिशी मी रिकामी होडी न्यायचो. एकटा. चार खेपा, भरतीला दोन, वहोटीला दोन. आन् धक्क्यावर लोकं उभी असली तर त्यांना सांगायचो, आज नाय, उद्या या.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “सांगायचो.”

या वाक्याला उत्तर माझ्याजवळ होते. साडेसातच्या वेळेबद्दल होते, खिडकीतल्या खुणेबद्दल होते. ते मी पुष्कळ वर्षे अनेकांना दिले आहे. त्या दिवशी मात्र मी मान डोलावली.

मग त्यांनी सांगितले की साहेबांना विचार, पाचही चांगल्या झाल्या का. मी विचारले. प्रशिक्षकांनी पाइप काढला आणि म्हणाले की चार ठीक, चौथी लाजिरवाणी, पण नियमाला ती चालते. मी मामूंना सांगितले की साहेब समाधानी आहेत. आचारी खाकरला. मी मग संपूर्ण भाषांतर केले.

“चवथी मीबी बगितली,” मामू म्हणाले. “आनखी एक मार. रिकामी.”

मी घड्याळ पाहिले. सव्वासात झाले होते. उत्तरेकडच्या आभाळाचा रंग बदलू लागला होता. मैदानाच्या टोकाला वाळूच्या पातळ रेघा जमिनीलगत सरकताना दिसत होत्या. आणखी एक रिकामी फेरी मारली तर मामूंना न्यायला वेळ उरणार नाही, हे मला कळत होते आणि वारा ओळखणाऱ्या त्या माणसाला तर माझ्या आधीच कळले असणार. मी वाद घातला. म्हणालो की नियम पुरा झाला आहे, माझा हक्क मला परत मिळाला आहे, सहावीची कोणी मागणी केलेली नाही. उद्या बोट आहे. आज वर गेलो नाही तर त्यांना पुन्हा कधी जायला मिळणार नाही. नियम पाचचा आहे, मी दोनदा म्हणालो.

“नियम सायबाचा,” मामू म्हणाले. “पोर माजी.”

मी विमानाकडे परत गेलो. प्रशिक्षकांनी भुवया उंचावल्या, कारण त्यांना बोलण्यातले काही कळले नव्हते, परंतु त्यांनी अडवले नाही. आचाऱ्याने पुढे येऊन पंखा फिरवून दिला. हे त्याचे मी आजही मान्य करतो. त्याआधी खिडकीशी येऊन तो कानात म्हणाला, “या बारीला जमिनीकडं बग रे बाबा, म्हाताऱ्याकडं नको.”

त्या फेरीचे वर्णन मी पुष्कळदा केले आहे आणि ते कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेले नाही, म्हणून इथे सविस्तर करतो. वारा बाजूने येऊ लागला होता. शेवटच्या वळणानंतर विमान सरळ ठेवले तर पट्टीवरून वाहून जाते. म्हणून नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून यायचे आणि चाके टेकण्याच्या क्षणी ते सरळ करायचे. एक क्षण आधी केले तर वाहून जाता, एक क्षण नंतर केले तर चाक मोडते, आणि त्या चाकाची कडी मी आदल्याच संध्याकाळी आणलेली असल्याने गोदामात दुसरी नव्हती, हे या जगात मला एकट्यालाच ठाऊक होते. मी पट्टीच्या टोकाकडे पाहिले. खुर्ची कुठे होती, छत्री कुठे होती, मला माहीत नाही. खडीचा आवाज कानावर आला तेव्हा मला कळले की आपण उतरलो आहोत. टेकल्याचे जाणवलेच नव्हते. चाळीस वर्षांत मी तसा पुन्हा उतरलो नाही.

मी झोपडीसमोर आलो तेव्हा तांबडा बावटा लागला होता.

मामू पायऱ्यांपाशी उभे होते, म्हणजे विमानाला जी एक लोखंडी पायरी असते तिच्यापाशी. टोपीवर, दाढीत, भुवयांत वाळू. त्यांनी एका हाताने विमानाच्या पंखाचा दांडा धरला होता, मुक्कामाला आलेली होडी नांगर टाकेपर्यंत धरून ठेवावी तसा. ते पळून गेले नव्हते आणि घाबरले नव्हते. बावटा लागला होता, म्हणून ते बसले नाहीत. सासरच्या गावातल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी. आकाशात ते कधीच गेले नाहीत, हे खरे आहे, आणि त्याची मला आजही खंत आहे. परंतु ती बसण्याची संधी त्यांनी स्वतः, पुरते जाणूनबुजून, त्या सहाव्या फेरीवर खर्च केली होती.

मागे मालमोटारीत डेग चढवण्याची घाई चालली होती. पुलावात वाळू गेल्याचे आचारी सर्वांना ओरडून सांगत होता आणि त्याचा दोष वाऱ्याऐवजी माझ्या फेऱ्यांना देत होता. मी मामूंना उतरण्याचे शास्त्र समजावू लागलो. नाक तिरके का ठेवले, सरळ केव्हा केले, चौथ्या वेळी नेमकी चूक काय झाली, आणि ती चूक म्हणजे खरे तर चूक नव्हे.

“ऱ्हाऊ दे ते,” मामू म्हणाले. “घर घेशील ते बगून घे. तिला जिना चढून पानी भरायची सवय नाय. इकडं पानी कसं येतं?”

मी म्हणालो की टँकरने येते, आणि वरच्या मजल्यावर न्यायला माणूस मिळतो.

“मानूस कशाला,” ते म्हणाले. “तू न्यायचंस.”

मग वाळू तोंडात जाऊ लागली, म्हणून आम्ही दोघेही वाऱ्याला पाठ करून मालमोटारीकडे चालू लागलो.